धारेच्या वेळी पाठ फिरवून

आठ दिवस जालना जिल्ह्यात राहून आलो आणि त्यातला बराच वेळ एका गोठ्याकडं पाठ करून बसलो. घरी आलेले लोक विचारतात, "काय काय बघितलंत?" मी सांगतो, "एक कडुलिंबाचं झाड बघितलं. फांदी न् फांदी सांगतो, विचारा." लोकांना वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा नाही हो. त्या झाडासमोर मला कुणी बसवलं आणि का, तेच लिहायला बसलोय.

मी पीटीचा मास्तर. पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं पोरांना पळवलं, वाकवलं, रस्सीखेच शिकवली. मी निवृत्त झालो, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. "आबा जेवताना मीठ मागतात तेव्हा वरच्या मजल्यावरची मुलं सावधान उभी राहतात," असं माझी मुलगी म्हणते. तिची मुलगी जुई. वय सहा. जुई जन्मताना तिचा खांदा अडकला आणि डाव्या हाताच्या शिरा ताणल्या गेल्या. बोटं हलतात, मूठ वळते, पण हात कोपरात वाकलेला राहतो आणि खांद्याच्या वर जात नाही. दिवाळीच्या आधी डॉक्टर म्हणाले, "या हातात जेवढी ताकद आहे तेवढीसुद्धा ही वापरत नाही. सुट्टीनंतर पुन्हा दाखवा. वापरायला लागली असेल तर थांबू. नाहीतर ऑपरेशनचं ठरवावं लागेल."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच घोष सुरू झाला. "जुई, डावा हात!" दूध पिताना डावा हात, बूट घालताना डावा हात, दार उघडताना डावा हात. मी तर वहीच घातली. मऊ मातीचा रंगीत गोळा दाबणे वीस वेळा, भोकात खुंट्या बसवणे तीस, काठी वर उचलणे दहा, आणि समोर बरोबरच्या खुणा. जुई यातून एकच गोष्ट शिकली. हात लपवायची. आमच्यापैकी कुणी दिसलं की तो हात फ्रॉकच्या खिशात जायचा, नाहीतर पाठीमागे.

दत्ता हा माझा जुना विद्यार्थी. तीर्थपुरीकडचा. कबड्डीसाठी आमच्या वसतिगृहात होता, आता घरची शेती बघतो. फोनवर मी जुईचं सांगितलं तर म्हणाला, "सर, घेऊन या की लेकराला. आमच्याकडं काय, ढोरं हायेत, शेळ्या हायेत, आमची गौरी हाये. खेळंल चार दिस." निघताना माझी मुलगी मला दारात थांबवून म्हणाली, "आबा, वही नेऊ नका." मी म्हटलं, नाही नेत. वही पिशवीच्या तळाशी होती.

घनसावंगीहून पुढं

घनसावंगीला बसमधून उतरलो तर समोर रशीदभाईंची जीप उभी. दत्तानं सांगून ठेवलं होतं. रशीदभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. जीप चालवतात आणि घरी शेळ्या पाळतात. त्या दिवशी जीपमध्ये एक करडूही प्रवासी होतं, तपकिरी, जेमतेम महिन्याचं. त्यांनी ते सरळ उचललं आणि जुईच्या मांडीवर ठेवलं. "पकड बेटी. ब्रेक मारला का पडतंय ते."

मला वाटलं आता ही किंचाळणार. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुत्रं आलं तर ही जिन्यानं जाते. पण किंचाळायला वेळच मिळाला नाही, जीप सुटली. जुईनं उजव्या हातानं करडू छातीशी आवळलं. वळण आलं की ते डावीकडून घसरायचं, ही पुन्हा ओढून घ्यायची. दोन्ही बाजूंना काळं रान, कापूस फुटून पांढरा झालेला, तुरीला पिवळी फुलं. मी यातलं काही बघत नव्हतो. मी तो डावा हात बघत होतो. तिसऱ्या वळणावर मला राहवलं नाही.

"जुई, डावा हात लाव ना खालून!"

तिनं माझ्याकडं पाहिलं, करडू माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. करडानं माझी पँट भिजवली.

"पास हो गये गुर्जी," रशीदभाई आरशात बघून हसले. "ज्याच्यावर भरोसा असतो त्याच्याच मांडीवर करतंय ते."

शेतातलं घर

दत्ताचं घर गावात नाही, शेतात आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, समोर गोठा, गोठ्यापलीकडं कडुलिंब आणि त्याच्या बुंध्याशी एक मोठा दगड. या दगडाशी पुढं माझी फार ओळख झाली. गोठ्यात बैलजोडी, एक लाल गाय, तिची दोन महिन्यांची कालवड, पाच शेळ्या. गायीचं नाव चंद्री, कालवडीचं मैना. दत्ताची बायको कौसल्या, चाळिशीची, बोलायला कमी आणि हाताला भारी जलद. आल्या आल्या तिनं धपाटे आणि दही पुढं ठेवलं. धपाट्यात लसूण असा घातलेला की जुईनं एक घास घेऊन पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि पुन्हा दुसरा धपाटा मागितला.

दत्ताची मुलगी गौरी नऊ वर्षांची. तिनं जुईला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुझा हात असा कामून गं?"

पुण्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळे बघतात आणि दुसरीकडं बघतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर जुईच म्हणाली, "जन्मताना ओढला गेला."

"आमच्या एका शेळीचा पाय बी तसाच हाये. ती सगळ्यांच्या म्होरं पळती. चल, मैना दाखवते."

मी मागं मागं गेलोच. जुई गोठ्याच्या दारात उभी राहिली, सवयीनं डावा हात पाठीमागे घेऊन. ती समोरच्या गायीकडं बघत होती, आणि मागच्या खुंट्याला बांधलेली मैना तिला दिसलीच नाही. आम्हा सगळ्यांपासून लपवलेला तो हात मैनेच्या अगदी तोंडाशी आला होता. मैनेनं जीभ काढून तो मनगटापासून बोटांपर्यंत चाटला आणि अंगठा तोंडात घेऊन चोखायला लागली. जुई ओरडली. मग हसायला लागली. मग तिनं तो हात पुढं आणून बघितला, ओला, लाल झालेला. "खरखरीत आहे जीभ," ती म्हणाली. आणि हात पुन्हा मागं नेला, या वेळी मुद्दाम, मैनेकडं.

मी वही काढून तारीख घातली.

लेकरांचं काम

पुढचे दोन दिवस मी नुसता बघत होतो आणि मनातल्या मनात चाट पडत होतो. त्या घरात "आता खेळा" असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडं मुलांना बागेत नेतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, खेळा. इथं गौरीला कामं होती आणि तिनं त्यातली निम्मी जुईला देऊन टाकली. संध्याकाळी कोंबड्या डालायच्या, म्हणजे एकेक कोंबडी दबकत गाठायची आणि मोठ्या टोपलीखाली झाकायची. यात पळणं आहे, एकदम थांबणं आहे, उकिडवं बसून बदकासारखं सरकणं आहे. मी शाळेत हे सगळं शिकवायचो आणि पोरं जांभया द्यायची. जुईनं पहिल्या दिवशी एकही कोंबडी पकडली नाही आणि तीनदा पडली. "पडली!" एवढंच गौरी म्हणाली. उचलायला कुणी धावलं नाही. मी धावणार होतो, पण दत्तानं माझ्या हातात चहा दिला होता.

शेळ्यांना बाभळीच्या शेंगा द्यायच्या, बांधावरून कालव्यापर्यंत चारायला न्यायचं. बांध वीतभर रुंद. शेळी पुढं चालते, मागं पोरगी. शेळीचं लक्ष नसतं की मागची पडतेय का, त्यामुळं मागचीला स्वतःच तोल सांभाळावा लागतो. पुण्यात याच कामासाठी एक लाकडी पट्टी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना गाद्या टाकतात आणि एक ताई हात धरते.

पण खरं मानाचं काम धारेच्या वेळचं. चंद्री तशी दूध देत नाही. आधी मैनेला सोडायचं. ती आईच्या कासेला ढुसण्या देते, चार घोट पिते, तेव्हा कुठं गाय पान्हा सोडते. मग मैनेला ओढून बाजूला काढायचं आणि धार होईपर्यंत आईच्या तोंडाशी धरून ठेवायचं, म्हणजे आई तिला चाटत राहते आणि शांत उभी राहते. कौसल्या धार काढते, मैनेला धरायचं काम गौरीचं. दोन महिन्यांची कालवड म्हणजे थट्टा नाही. रस्सीखेचीत दोरीच्या टोकाला माणसं असतात, ती कधी ओढणार ते कळतं. कालवड आधी लोळण घेते, मग उडी मारते, मग उगाच उभी राहते, आणि आपण सैल झालो की हिसका देते. गौरी टाचा रुतवून मागं रेलायची. तिसऱ्या दिवशी तिनं दाव्याचं मागचं टोक जुईच्या हातात दिलं.

"मी बी धरते, तू बी धर. सोडायचं न्हाई बरं का. सोडलं का सगळं दूध पेती ती."

जुईनं उजव्या हातानं धरलं. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो.

हात दाखवून अवलक्षण

चौथ्या दिवशी सकाळी ते घडलं. मैनेनं हिसका दिला, गौरीचा पाय शेणावरून सटकला, आणि सगळा जोर जुईच्या एका हातावर आला. दावं तिच्या मुठीतून सरकायला लागलं. आणि डावा हात आला. कुणी न सांगता आला. फ्रॉकच्या खिशातून निघून दाव्याला भिडला, बोटं वळली, कोपर ताणलं गेलं. इतकं सरळ झालेलं ते कोपर मी सहा वर्षांत बघितलं नव्हतं.

"शाब्बास! डावा हात! शाब्बास जुई! असाच! एक! दोन!"

माझा तो मैदानातला आवाज. गोठ्याच्या पत्र्याखाली केवढा घुमला म्हणून सांगू. चंद्रीनं लाथ झाडली, चरवी उलटली, दूध शेणात. बैल दावणीला हिसके द्यायला लागले, शेळ्या ओरडायला लागल्या. मैना सुटून मोसंबीच्या झाडांत पळाली आणि जुई तोंडावर आपटली. गौरी मैनेमागं धावली. कौसल्या रिकामी चरवी उचलून उभी राहिली.

मी जुईला उठवायला गेलो. तिनं उजव्या हातानं मला ढकललं. डावा हात पोटाशी घट्ट धरला होता, दुखत होता म्हणून नव्हे. लपवायला. "मला इथं यायचंच नाही आता," ती म्हणाली आणि घरात जाऊन बसली.

संध्याकाळी चंद्री अंगाला हात लावू देईना. मैनेला सोडलं, ती प्यायली, पण कौसल्या बसली की दूध बंद. मी दारात उभा होतो, तोंड पाडून. कौसल्या अर्धा पेला दूध घेऊन उठली आणि माझ्यापाशी आली.

"सर, राग नका मानू. उद्यापून धारेच्या वक्ताला तुम्ही इथं उभं न्हाई राह्यचं."

"मी लांब उभा राहीन. बोलणार नाही."

"लांबून बी तुम्ही बघतेतच की. पाठ करून बसा. त्या लिंबाखाली दगड हाये."

"अहो पण..."

"गाईचं कसं असतंय, नवं माणूस टकाटका बघत राह्यलं का पान्हा चोरती ती. कासंत दूध असतंय. पण वर ओढून घेती. कितीबी ओढा, येत न्हाई. मारलं तर आजून चोरती." ती हौदाशी जाऊन चरवी घासायला बसली. तोंड चरवीकडंच ठेवून म्हणाली, "लेकराचं बी तसंच हाये. हात हाये तिला. तुमच्या म्होरं चोरती ती."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. तीस वर्षं मी मुलांची शरीरं घडवली आणि ही बाई मला गायीच्या कासेवरून शहाणपण शिकवतेय! तरातरा चालत कालव्यापर्यंत गेलो. पाण्यात ऊस कलंडला होता, बगळे बसले होते. राग तिथंच उतरला, कारण एक गोष्ट आठवली.

डॉक्टरांकडून आल्यावर थोड्याच दिवसांत, एका दुपारी मी जुईच्या खोलीचं दार ढकललं होतं. ती बाहुलीच्या झग्याची बटणं लावत होती. दोन्ही हातांनी. मी आनंदानं आत शिरलो आणि म्हटलं, "वा! पुन्हा करून दाखव बघू." तिनं बाहुली खाली ठेवली. त्यानंतर ती बाहुली मी तिच्या हातात कधी बघितली नाही. त्या दिवशी वहीत मी "प्रगती" असं लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. कालव्याच्या काठावर मला त्या दोन रेघांची लाज वाटली. मी तिचा हात जेवढा शोधत होतो, तेवढा तो आत जात होता. आणि दोष मी हाताला देत होतो.

कानाला खडा लावला आणि परत फिरलो.

लिंबाचं झाड

पाचव्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी मी दगडावर जाऊन बसलो, गोठ्याकडं पाठ करून. सांगतो, सोपं नाही ते. मानेला खाज सुटते. आधी वाटलं, जुई येणारच नाही. मग गौरीचा आवाज आला, "चल की, तुझे आबा तिकडं बघून राह्यले, लिंबाकडं." मग छोट्या चपलांचा आवाज.

त्यानंतर मी ऐकायला शिकलो. दावं सुटल्याचं कळतं. मैनेच्या ढुसण्या कळतात. मग गौरीचं "ओढ, ओढ, ओढ" आणि चरवीत पहिली धार. रिकाम्या भांड्यावर ती टणटण वाजते, दूध साचत जातं तसा आवाज जाड होतो. त्या सकाळी तो जाड झालाच नाही. चंद्री अजून रुसलेली होती. सहाव्या दिवशी निम्म्यापर्यंत झाला. मला वाटायचं, वळावं, एकदाच. मी झाडाची पानं मोजायचो. डाव्या फांदीवर कावळ्याचं जुनं घरटं, उजवीकडं वीज पडून वाळलेलं एक टोक. वही पिशवीच्या तळाशी गेली ती तिथंच राहिली.

सातव्या दिवशी संध्याकाळी मागं एकदम गोंधळ झाला.

"सोडू नको! आगं सोडू नको!" ही गौरी. मग मैनेचं गटागटा चोखणं, आणि मग कौसल्येचा असा आवाज, जो मी तोवर ऐकला नव्हता.

"ए जुई! कामून सोडलं गं?"

"तिला भूक लागली होती, काकू. ती माझ्याकडं बघत होती."

"भूक लागली व्हती! आन सगळं पेली त्याचं काय? आता पोट बिघडंल तिचं, हागवण लागंल, मंग तू धुशील का? कामावर उभी हायेस का जत्रंत आलीस? धरायचं म्हन्जे बराबर धरायचं! नसंल जमत तर सांग, मी दुसरं बघते."

माझ्या ओठांवर आलं होतं, अहो लहान आहे ती, तिचा हात तसा आहे. दगडाची कड मी दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिलो. आमच्या घरात जुईवर कुणी रागवत नाही. दूध सांडलं तर "असू दे", वही फाटली तर "असू दे". प्रत्येक "असू दे"च्या मागं तो हात असतो, आणि तिला ते कळतं.

जुई पळत माझ्यासमोर आली. गाल लाल, केसांत वैरणीची काडी. रडतेय असं वाटलं, म्हणून मी हात पसरले.

"आबा! काकू मला रागावल्या!"

"हो, ऐकलं मी."

"गौरीला रागावतात ना, तश्शाच!" तिचे डोळे चमकत होते. "म्हणाल्या, नसेल जमत तर सांग. मी सांगितलं, जमतं मला."

आणि ती परत गोठ्यात पळाली. मी चष्मा काढून पुसला. धूळ फार असते तिकडं.

त्या संध्याकाळी सगळ्यांना कोरा चहा मिळाला. दत्तानं पेल्यात डोकावून विचारलं, "हे कुणाच्या किरपेनं?" गौरीनं जुईकडं बोट दाखवलं. रशीदभाई दुसऱ्या दिवशीचं जीपचं विचारायला आले होते, त्यांनाही कोराच मिळाला. ते म्हणाले, "मैनेला दावत दिली म्हणा की बेटीनं!" कौसल्याही हसली. मग जुईच्या ताटात तिनं भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढली आणि वर तेलाची धार धरली, गौरीच्या भाकरीवर धरली तेवढीच.

आठवा दिवस

निघायच्या दिवशी सकाळी मी दगडावर होतो. दावं सुटलं, ढुसण्या झाल्या. मग कौसल्येचा आवाज, "हां, धरा आता." धडपड. कुणाचा तरी पाय घसरला.

"धरलंय काकू. नाही सोडत."

चरवीत टणटण सुरू झाली. मग भरत गेली, भरत गेली, आणि आवाज इतका जाड झाला की फेसही ऐकू येतोय असं वाटायला लागलं. शेवटी कौसल्या म्हणाली, "सोड आता, पिऊ दे तिच्या वाट्याचं." कोणत्या हातानं धरलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या दिवशीच्या चहावर साय आली होती.

पुण्यात आल्यावर डॉक्टरांकडं गेलो. जुई आईबरोबर आत गेली, मी बाहेर बाकावर बसलो. डॉक्टरांनी कोपर मोजलं, खांदा मोजला. काही अंश फरक आहे म्हणाले, फार नाही. पण ती वापरतेय, म्हणून ऑपरेशनचं सहा महिन्यांनी बघू. ऑपरेशन लागणारच नाही, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणणार नाही. गायीनं हात बरा केला असं कुणाला वाटलं असेल, तर तसं काही झालेलं नाही. घरात आता ती रंगीत गोळ्याचं बटाटेवड्यासारखं काहीतरी करत असते. मी खोलीत गेलो की वर्तमानपत्र तोंडापुढं धरतो. वर्तमानपत्र उलटं आहे, असं तिनं मला दोनदा सांगितलंय.

पण शेवटी लिहायचं ते डॉक्टरांचं नाही, निघतानाचं.

रशीदभाईंची जीप बांधाशी उभी राहिली. मी पुढं बसलो. जुईनं मागच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून बसायचा हट्ट धरला, आणि घनसावंगीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला कमरेला धरून शेजारी घेतलं. बांधावर दत्ता, कौसल्या, गौरी, आणि गौरीच्या हातातल्या दाव्याला मैना. जीप हलली. मी समोर बघत बसलो.

"गुर्जी," रशीदभाई आरशात बघत म्हणाले, "तुमची पोरगी बघा तरी. दोन्ही हातानं टाटा करून राह्यली."

माझी मान वळायला लागली होती. मी ती थांबवली. पण जीभ माझी कुठली थांबतेय!

"डावा किती वर गेलाय?"

"आता ते मोजायला मी काय टेप घेऊन बसलो का?" ते हसले. "तुम्हीच बघून घ्या." आणि आरसा माझ्याकडं वळवायला त्यांनी हात पुढं केला.

मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," मी म्हणालो. "गाडी तेवढी हळू घ्या."